दहांतले चार

ऑलिंपिकच्या फुटबॉलमध्ये भारतानं आजवर एकूण किती गोल केले असतील? एका सामन्यातले नव्हेत, एका स्पर्धेतलेही नव्हेत. सगळे मिळून. अंदाज करून बघा.

दहा. १९४८च्या लंडनमध्ये एक, १९५२च्या हेलसिंकीत एक, १९५६च्या मेलबर्नमध्ये पाच आणि १९६०च्या रोममध्ये तीन. संपलं खातं. त्यानंतर आपला फुटबॉल संघ ऑलिंपिकच्या मैदानात उतरलेलाच नाही. एकूण सामने आठ, बरोबरी एक, विजय एक.

या दहा गोलांपैकी चार एकट्या माणसाचे आहेत. आणि तो जो एकुलता एक विजय आहे ना, ४-२ असा, त्यातले तीन गोल त्याच माणसाचे. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये हॅटट्रिक करणारा तो पहिला आशियाई खेळाडू. नाव नेव्हिल डिसोझा. गोमंतकीय कुटुंबातला, मुंबईच्या मैदानांवर वाढलेला. आपल्या राज्याचा माणूस! खाशाबा जाधवांचं नाव आपल्याकडे शाळकरी पोरालाही ठाऊक असतं, ते असायलाच हवं. पण नेव्हिल डिसोझा म्हटल्यावर दहांतल्या नऊ जणांचा चेहरा कोरा. मला हे कोडं कधी उलगडलेलं नाही.

पण खरी नवलाची गोष्ट पुढेच आहे. हा माणूस फुटबॉलवर पोट भरत नव्हता. तो हौशी खेळाडू होता, आणि हौशी होता म्हणूनच मेलबर्नला जाऊ शकला.

हा काय प्रकार? त्या काळी ऑलिंपिकचा दरवाजा फक्त हौशी खेळाडूंना उघडा होता. खेळाचे पैसे घेतलेत, की तुम्ही बाहेर. नियम किती कडक? अमेरिकेच्या जिम थॉर्पनं १९१२च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये पेंटॅथलॉन आणि डेकॅथलॉन अशी दोन सुवर्णपदकं जिंकली. पुढच्याच वर्षी ती काढून घेतली गेली, कारण त्यानं आधी कधीतरी छोट्या लीगमध्ये बेसबॉल खेळून थोडे पैसे घेतले होते. १९५२पासून ऑलिंपिक समितीच्या अध्यक्षपदी असलेले एव्हरी ब्रंडेज तर या बाबतीत सोवळ्यातलेच.

हौशीपणाचं हे सोवळं फुटबॉलमध्ये सगळ्यात जास्त पाळलं कुणी, तर स्कॉटलंडमधल्या ग्लासगोच्या क्वीन्स पार्क या क्लबनं. १८६७ साली स्थापन झालेला हा क्लब व्यावसायिक संघांच्या लीगमध्ये खेळत राहिला, पण खेळाडूला खेळाचा पगार म्हणून एक पेनीही द्यायची नाही हा हट्ट त्यानं २०१९पर्यंत सोडला नाही. तब्बल १५२ वर्षं!

या क्लबचा आणि नेव्हिलचा काय संबंध? जरा थांबा, संबंध आहे, आणि तो फार मजेदार आहे. जगातला पहिला आंतरराष्ट्रीय फुटबॉल सामना ३० नोव्हेंबर १८७२ रोजी ग्लासगोत झाला, स्कॉटलंड विरुद्ध इंग्लंड. स्कॉटलंडचे अकराच्या अकरा खेळाडू क्वीन्स पार्कचे. इंग्रज अंगापिंडानं दणकट. त्यांचा फुटबॉल म्हणजे एकानं चेंडू पायाशी घ्यायचा आणि समोरचे सगळे चुकवत सुटायचं. बाकीचे त्याच्या मागे धावणार. स्कॉटिश मंडळी अंगानं हलकी, टक्कर दिली तर चिरडली जातील. मग त्यांनी काय करावं? त्यांनी चेंडू एकमेकांना द्यायला सुरुवात केली. आज आपल्याला वाटतं, फुटबॉल म्हणजे पास देणं, यात शोध कसला? पण कुणाला तरी ते पहिल्यांदा सुचावं लागलं! सामना ०-० सुटला, पण पासचा खेळ म्हणजे काय ते दिसलं. व्यावसायिक क्लबांनी पुढे ज्यावर पैसा ओतला, त्या खेळाचा पाया पगार न घेणाऱ्यांनी घातला.

तो खेळ आपल्याकडे आणला गोऱ्या पलटणींनी. १८८८ साली सिमल्यात ड्युरँड चषक सुरू झाला आणि पहिल्याच वर्षी तो नेला रॉयल स्कॉट्स फ्युझिलिअर्सनं. स्कॉटिश पलटण! १८९१ साली मुंबईत रोव्हर्स चषक सुरू झाला. त्यावर भारतीय संघाचं नाव कोरलं जायला मात्र १९३७ उजाडलं. ते नाव होतं बंगलोर मुस्लिम्स. पलटणी गेल्या, पण कूपरेजचं मैदान राहिलं, रोव्हर्स चषक राहिला, हारवूड लीग राहिली. आणि त्यांच्याभोवती मुंबईत एक अजब व्यवस्था उभी राहिली: कचेऱ्यांचा फुटबॉल.

टाटा, कॅल्टेक्स, रेल्वे, पोलीस अशा सगळ्यांचे संघ. खेळाडूला नोकरी मिळायची ती कारकुनाची, तपासनिसाची, हवालदाराची. पगार त्या नोकरीचा. फुटबॉलचा? छे, फुटबॉलचा कुठे, तो तर हौशी! संध्याकाळी सरावाला लवकर सुटी मिळायची इतकंच. नियम पाळला गेला आणि चूलही पेटली. हल्लीच्या कोट्यवधींच्या करारांच्या जगातून बघताना हे केविलवाणं वाटेल, पण मला यात मोठी हुशारी दिसते. ज्या देशात व्यावसायिक फुटबॉल नावाची चीजच नव्हती, तिथे शेकडो पोरांना खेळत राहण्याची सोय या कचेऱ्यांनी केली. नेव्हिल या व्यवस्थेतून आला. टाटांच्या संघाकडून खेळला, कॅल्टेक्सकडून खेळला. क्लब बदलणं म्हणजे इथे मालक बदलणं. मुंबईनं राष्ट्रीय अजिंक्यपदाचा संतोष करंडक पहिल्यांदा जिंकला तो १९५४ साली, याच कचेरीवाल्या पिढीच्या जोरावर.

पण कचेरीतून निघालेला गडी ऑलिंपिकमध्ये तीन गोल कसे मारतो? त्यासाठी आणखी एक माणूस लागतो, आणि तो आपल्याला हैदराबादेत भेटतो.

सय्यद अब्दुल रहीम. पेशानं शाळामास्तर. हैदराबाद सिटी पोलीस या संघाचे प्रशिक्षक आणि भारतीय संघाचेही. त्यांच्या पोलिसांनी १९५० ते १९५४ असा सलग पाच वर्षं रोव्हर्स चषक मुंबईत येऊन जिंकला. पाच वर्षं! मुंबईकर दर वर्षी कूपरेजवर जमायचे आणि दर वर्षी चषक हैदराबादला जायचा.

छत्रपती संभाजीनगरच्या वाचकांनी इथे क्षणभर थांबायला हवं. कारण तेव्हाचं औरंगाबाद हैदराबाद राज्यातच होतं. ३१ ऑक्टोबर १९५६च्या रात्री शहर हैदराबाद राज्यात झोपलं आणि १ नोव्हेंबरच्या सकाळी मुंबई राज्यात उठलं. मराठवाड्याचे पाच जिल्हे त्या दिवशी इकडे आले. नेव्हिलच्या हॅटट्रिकची तारीख कोणती? १ डिसेंबर १९५६. बरोब्बर एक महिन्यानं. म्हणजे ऑक्टोबरपर्यंत रहीमसाहेब आपल्या राज्याचे, आणि गोल झाले तेव्हा नेव्हिल आपल्या राज्याचा! त्या विजयावर दोन्ही बाजूंनी हक्क सांगता येईल अशी शहरं फार नसतील. आमखास मैदानावर फुटबॉल खेळणाऱ्या पोरांना हे कुणीतरी सांगायला हवं.

तर रहीम काय करायचे? आपल्याकडच्या खेळाडूंना ड्रिबलिंगचा भारी सोस. चेंडू मिळाला की सोडायचा नाही, प्रेक्षकांच्या टाळ्या घ्यायच्या. रहीमनी यावर उपाय म्हणून अशा स्पर्धाच भरवल्या की ज्यात ड्रिबलिंगला बंदी. चेंडू आला की दुसऱ्याला द्या. ग्लासगोच्या हलक्या अंगाच्या हौशी गड्यांनी १८७२ साली जे केलं, तेच हैदराबादेत पुन्हा! दुसऱ्या स्पर्धेचा नियम आणखी भन्नाट: फक्त कमजोर पायानं खेळायचं. उजवा पाय चालत असेल तर चेंडू डाव्यानंच मारायचा. परीक्षेचा अख्खा पेपर डाव्या हातानं लिहायला लावावा तसं. पहिले काही दिवस हसं होतं. पण काही महिन्यांनी गोलसमोर चेंडू कुठल्याही बाजूनं आला तरी पाय बदलण्यात वेळ जात नाही. आणि गोलसमोरचा अर्धा सेकंद म्हणजे काय, हे बचावपटूला विचारा.

रहीम बाहेरच्या जगावरही डोळा ठेवून होते. १९५३ साली हंगेरीनं वेम्बलीवर इंग्लंडला ६-३ असं लोळवलं, ते एका साध्या युक्तीवर: पुढे उभा राहायचा तो फॉरवर्ड मागे सरकला. त्याला पकडायला नेमलेला बचावपटू गोंधळला. पाठोपाठ गेलं तर मागे खिंडार, जागेवर राहिलं तर तो मोकळा. आपल्या आक्रमणातही एक गडी असा मागे ठेवण्याची कल्पना रहीमनी उचलली. मागे येणाऱ्यामुळे जी जागा मोकळी होते तिथे घुसायला मात्र कुणीतरी हवा, ज्याला गोल कुठून पडणार त्याचा वास येतो. तो म्हणजे नेव्हिल.

आता मेलबर्नच्या आधीचं हेलसिंकी आठवू. १९५२ साली भारत युगोस्लाव्हियाशी खेळला आणि १०-१ असा हरला. थंडी, ओलं मैदान, आणि आपले कितीतरी खेळाडू अनवाणी! लंडनला चार वर्षांपूर्वी बहुतेक जण अनवाणीच खेळले होते आणि फ्रान्सशी जेमतेम १-२ हरले होते, तेव्हा त्याचं कौतुकही झालं. हेलसिंकीनंतर कौतुक संपलं आणि बूट सक्तीचे झाले. अनवाणी दहा गोल खाणारा संघ चार वर्षांत काय करू शकेल?

मेलबर्नला पहिला सामना हंगेरीशी होता, पण हंगेरीचा संघ आलाच नाही. बुडापेस्टच्या रस्त्यांवर रशियन रणगाडे फिरत होते. पुढे चाल मिळून भारत थेट उपांत्यपूर्व फेरीत, यजमान ऑस्ट्रेलियासमोर. कर्णधार समर ऊर्फ बद्रू बॅनर्जी, सोबत पी. के. बॅनर्जी, सिकंदराबादचा तुळशीदास बलराम, कृष्णस्वामी ऊर्फ किट्टू. बूट घातलेला संघ.

नवव्या मिनिटाला नेव्हिल. १-०. सतराव्या मिनिटाला ऑस्ट्रेलियाच्या ब्रूस मॉरोनं बरोबरी केली. तेहतिसाव्याला पुन्हा नेव्हिल, २-१. एकेचाळिसाव्याला पुन्हा मॉरो, २-२. मध्यंतर. यजमानांच्या मैदानावर, यजमानांच्या प्रेक्षकांसमोर दोनदा आघाडी घेऊन दोनदा गमावलेला संघ इथे ढेपाळायला हवा होता. पन्नासाव्या मिनिटाला तिसऱ्यांदा नेव्हिल! एक्केचाळीस मिनिटांत तीन गोल. मग ऐंशीव्या मिनिटाला किट्टूनं चौथा घालून कुलूप लावलं.

भारत ऑलिंपिकच्या उपांत्य फेरीत. इथवर पोचलेला आशियातला पहिला संघ.

आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. त्या काळी भारतातले सामने नव्वद मिनिटांचे नसायचेच! ते असायचे सत्तर मिनिटांचे. वर्षभर सत्तर मिनिटं खेळायची सवय असलेले पाय ऑलिंपिकमध्ये वीस मिनिटं जास्त पळत होते, तेही दमलेल्याला बाहेर काढून ताज्या दमाचा गडी आत पाठवायची सोय नसताना. किट्टूचा गोल ऐंशीव्या मिनिटाचा आहे, हे लक्षात घ्या. घरच्या हिशेबानं सामना संपून दहा मिनिटं झाली होती.

तीन दिवसांनी, ४ डिसेंबरला, उपांत्य सामना. समोर कोण? युगोस्लाव्हिया. तोच, दहा गोलवाला. इथे हौशीपणाच्या नियमाची दुसरी बाजू कळते. इंग्लंड, इटली, फ्रान्स यांचे उत्तम खेळाडू व्यावसायिक, म्हणून ऑलिंपिकमधून बाद. पूर्व युरोपात मात्र कागदोपत्री कुणी व्यावसायिक नसेच. कुणी सैनिक, कुणी विद्यार्थी, कुणी कामगार. त्यामुळे त्यांचे पट्टीचे खेळाडू बिनदिक्कत उतरायचे. सोव्हिएत संघाच्या गोलमध्ये तर लेव्ह याशिन उभा होता!

अशा संघासमोर मध्यंतरापर्यंत ०-०. आणि बावन्नाव्या मिनिटाला गोल झाला, भारताचा. अर्थातच नेव्हिल.

ऑलिंपिकच्या उपांत्य सामन्यात भारत १-०नं पुढे. पुढचा टप्पा अंतिम सामना, म्हणजे रौप्य तरी नक्की. ही आघाडी टिकली जेमतेम दोन मिनिटं. चौपन्नाव्या मिनिटाला पापेचनं बरोबरी केली, सत्तावन्नाव्याला वेसेलिनोविच, पासष्टाव्याला पुन्हा पापेच. मग अब्दुस सलामच्या पायाला लागून चेंडू आपल्याच जाळ्यात गेला. १-४. पण ती दोन मिनिटं! भारतीय फुटबॉलच्या इतिहासात ऑलिंपिक पदकाच्या इतकं जवळ कुणी कधी गेलेलं नाही, आणि तिथवर नेणारा पाय एका कचेरीतल्या नोकरदाराचा होता.

कांस्यपदकाच्या सामन्यात ७ डिसेंबरला बल्गेरियानं ३-० हरवलं. चौथा क्रमांक. आदल्याच दिवशी हॉकीत पाकिस्तानला १-० हरवून सुवर्ण जिंकलं होतं. आता सांगा, त्या आठवड्यात फुटबॉलच्या चौथ्या क्रमांकाची आठवण कोण ठेवणार? आपल्याकडे चौथ्याला जागाच नसते. मिल्खासिंग अपवाद.

स्पर्धा संपल्यावर सर्वाधिक गोल करणाऱ्यांच्या यादीत तीन नावं बरोबरीत, प्रत्येकी चार गोल: युगोस्लाव्हियाचा तोदोर वेसेलिनोविच, बल्गेरियाचा दिमितार मिलानोव्ह आणि नेव्हिल डिसोझा. पण जरा खोलात जा. युगोस्लाव्हियानं स्पर्धेत तेरा गोल केले, त्यातले नऊ अमेरिकेविरुद्धच्या एकाच सामन्यात. बल्गेरियानं दहा. भारतानं पाच. म्हणजे वेसेलिनोविचचे तेरांतले चार, मिलानोव्हचे दहांतले चार, आणि नेव्हिलचे पाचांतले चार! अकरा जणांचा संघ, पण गोलचा जवळजवळ सगळा भार एका डोक्यावर.

ऑस्ट्रेलियातल्या काहींना तो विजय योगायोग वाटला असेल तर त्याचं उत्तरही लगेच मिळालं. १२ डिसेंबरला सिडनीत दोन्ही संघ पुन्हा भिडले. भारत ७, ऑस्ट्रेलिया १.

मग पुढे काय? १९५८ साली कॅल्टेक्सनं रोव्हर्स चषक जिंकला आणि मुंबईकरांना कूपरेजवर आपल्या संघासाठी ओरडता आलं. रोमच्या ऑलिंपिकमध्ये बलरामनं दोन आणि पी. के. बॅनर्जींनी एक गोल केला. रहीमसाहेबांनी १९६२ साली जकार्तात आशियाई सुवर्ण मिळवलं आणि पुढच्या वर्षी ते कर्करोगानं गेले. नेव्हिल गेला १९८० साली, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी. त्याआधी दोन वर्षं कॅल्टेक्स हिंदुस्थान पेट्रोलियममध्ये विलीन झाली होती.

नेव्हिलच्या शेजारी त्याच्याहून दोनच वर्षांनी मोठ्या रॉनी सिम्पसनला ठेवून बघा. क्वीन्स पार्कचा हौशी गोलकीपर, १९४८च्या ऑलिंपिकमध्ये ब्रिटनकडून खेळलेला, तेव्हा वय सतरा. पुढे तो व्यावसायिक झाला, न्यूकॅसलकडून दोनदा एफए चषक जिंकला आणि १९६७ साली सेल्टिककडून युरोपियन चषक, वय छत्तीस. वेसेलिनोविचचं पाहा: तो पुढे युगोस्लाव्हियाच्या राष्ट्रीय संघाचा प्रशिक्षक झाला आणि १९८४च्या युरो स्पर्धेत संघ घेऊन गेला. हौशी फुटबॉल त्यांच्यासाठी जिन्याची पहिली पायरी होती. नेव्हिलसाठी तोच अख्खा जिना; वर मजलाच बांधलेला नव्हता. भारतात राष्ट्रीय पातळीवरची फुटबॉल लीग सुरू झाली १९९६ साली.

आणि ऑलिंपिकचा तो नियम? १९८४ला व्यावसायिक फुटबॉलपटूंना दार किलकिलं झालं. १९९२पासून वेगळीच अट आली: पुरुषांच्या फुटबॉलमध्ये खेळाडू तेवीस वर्षांपर्यंतचेच हवेत, आणि १९९६पासून त्याहून मोठे फक्त तीन. मेलबर्नला नेव्हिल चोवीस वर्षांचा होता. आजच्या नियमांत त्याला पैसे घेता आले असते, पण वयात तो बसला नसता. रहीमसाहेबांना त्या तीन राखीव जागांपैकी एक त्याच्यासाठी अडवून ठेवावी लागली असती, आणि ती त्यांनी ठेवलीच असती.